टमारॅक फॉल्स सोडून

टमारॅक फॉल्स, मिशिगन
१७ ऑक्टोबर १९३६

ती. लेम्पीताईस,
सुलोचा सा. न. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल आहोत. तुझी खुशाली लवकर कळव. मागच्या पत्राला तू सत्तावीस दिवसांनी उत्तर दिलंस, आणि चौदाव्या दिवसापासून आई पोस्टमनला जाब विचारत होती. तिने वेलचीचा पाव पार्सलने पाठवला आहे. वाळला असेल तर कॉफीत बुडवून खा, टाकू नकोस, असा निरोप आहे.

मुख्य बातमी मुद्दाम मागे ठेवली, नाहीतर बाकीचं तू वाचलंच नसतंस. तुझा चित्रपट काल आमच्या लिरिक थिएटरला लागला! रिळांचे डबे गुरुवारच्या गाडीने आले. मालक ट्रेलोअरसाहेब यंत्र तपासायला आधी एकदा रिकाम्या थिएटरात चित्रपट चालवून बघतात, तेव्हा मी वही घेऊन बसलो. दारावरच्या फलकावर नावं लावायचं काम माझं, तेव्हा कोण केव्हा येतं हे टिपून घ्यायला हवं. आपल्या फिनिश लोकांच्या नाटकाच्या हॉलचा नियम तूच मला शिकवलास. जो आधी रंगमंचावर येईल त्याचं नाव आधी, मग तो राजा असो की दार उघडणारी मोलकरीण. हॉलमध्ये कुणी मोठं नाही नि कुणी लहान नाही, हे बाबा प्रत्येक तालमीला सांगायचे.

तर चित्रपट सुरू होतो तोच तुझ्यावर. टेलिफोनच्या खोलीत तू कानाला यंत्र लावून बसली आहेस आणि लाइन मोकळी नाही म्हणून सांगते आहेस. चित्रपटाच्या नायिका मिस अडेलिन व्हॉस नवव्या मिनिटाला येतात. मी दोनदा घड्याळ पाहिलं. म्हणून फलकावर सर्वांत वर तुझं स्टुडिओतलं नाव, लॉरा लेन, आणि त्याखाली आमची लेम्पी लाहटेला. मिस व्हॉस तिसऱ्या. 'एल'ची अक्षरं आमच्याकडे पाचच होती, सहावं मी लाकडाचं कापून रंगवलं. खालून कुणाला ओळखू येत नाही.

रांग बेकरीपर्यंत गेली होती. शेजारच्या कांगासबाई सगळ्यांना सांगत होत्या की या मुलीला चालायला मी शिकवलं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा माणूस येऊन फलकाचा फोटो घेऊन गेला. बाबा मात्र म्हणाले की लॉरा लेन नावाच्या कोणा बाईला मी ओळखत नाही, आणि हॉलची जमीन तासायला जातो म्हणून निघून गेले. रंधा घरीच खुंटीला होता.

लोभ असावा. तो कमी झाल्यास तसं स्पष्ट कळवावं, म्हणजे मनाला घोर राहत नाही.
तुझा,
सुलो

—

हॉलिवुड
२ नोव्हेंबर १९३६

चि. सुलोस,
अनेक आशीर्वाद.

पाव दगड झाला होता, पण वेलचीचा वास तसाच होता. चार दिवस पुरवून खाल्ला. मी लोकरीचे मोजे घालते असं आईला सांग. ती म्हणेल खोटं बोलते, आणि ते बरोबरच असेल. इथे अजून घाम येतो.

आता नीट बसून वाच. तुझ्या फलकाचा फोटो डेट्रॉइटहून फिरत फिरत इथल्या वर्तमानपत्रात आला. खाली लिहिलं होतं की मिशिगनच्या एका गावात सूर्य टेलिफोनच्या खोलीतून उगवतो. वाचून मला हसू आलं, ते दुपारपर्यंत टिकलं. दुपारी प्रसिद्धी खात्याच्या साहेबाने बोलावून घेतलं. मिस व्हॉसच्या करारात लिहिलेलं आहे की तिचं नाव एकटं, चित्रपटाच्या नावाच्याही वर, आणि इतरांच्या दुप्पट अक्षरांत लागलं पाहिजे. साहेबाने विचारलं की हे करायला कुणाला चिथावलंस. मी सांगितलं की कुणाला नाही, माझा भाऊ आहे, आणि आमच्याकडे अशीच पद्धत आहे. तो म्हणाला की अशा वेळी प्रत्येकीला एक भाऊ असतोच.

सुलो, तुझ्यापासून लपवून काय करू? माझा करार दर सहा महिन्यांनी वाढवायचा की नाही ते हे लोक ठरवतात, आणि ती मुदत या महिनाअखेर संपते. वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहीत नाही, तू घेणारच. फक्त फलक बदल. आणि शिडीवरून पडू नकोस. मिस व्हॉससाठी हाडं मोडावीत इतकी ती काही चांगली नाही. खरं तर आहे चांगली. काम बघत राहावं असं करते. तेच तर अवघड आहे.

आईबाबांना यातलं काही बोलू नकोस. लोभ आहे, तो एका फलकाने कमी होण्यातला नाही.
तुझी,
लेम्पी

—

टमारॅक फॉल्स
१० नोव्हेंबर १९३६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा चित्रपट जाऊन अडीच आठवडे झाले होते. फलकावर एका घोडेस्वाराचा चित्रपट होता. बदलायला काही उरलंच नव्हतं. तरी मी शिडी लावून वर गेलो आणि घोडेस्वाराचं नाव सरळ केलं.

स्टुडिओला मी पत्र लिहिलं आहे. आठवीपर्यंतच्या शिक्षणाने असलं पत्र लिहायचं म्हणजे धाडस, पण ट्रेलोअरसाहेबांचा शब्दकोश जवळ घेऊन चार खर्डे केले आणि पाचवा पाठवला. त्यात लिहिलं की चूक माझी एकट्याची आहे, बहिणीला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि आमच्या हॉलचा नियम असा असा आहे. पुरावा म्हणून वहीतलं पान जोडलं, त्यात कोण कोणत्या मिनिटाला येतं ते आहे. आता वाटतं की पान जोडायला नको होतं. मग वाटतं, बरं केलं. असं दिवसभर चाललं आहे.

तुझा एक शब्द मी पाळू शकलो नाही. जेवण का जात नाही म्हणून बाबांनी तीन दिवस विचारलं, आणि चौथ्या दिवशी माझ्या तोंडून सगळं निघालं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि एवढंच विचारलं की ती खरोखर सगळ्यांच्या आधी येते का. मी म्हटलं, हो, पहिल्याच दृश्यात. मग म्हणाले की पोराने आपला नियम पाळला, त्यांनी आपला कागद पाळला, आणि मधल्यामध्ये आमची पोर सापडली. ताई, तू नाव बदललंस त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून 'आमची पोर' हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

मी लिरिकची नोकरी सोडायला निघालो होतो. ट्रेलोअरसाहेब म्हणाले की गाढवपणा करू नकोस, तुझ्याआधी जो होता तो शुक्रवारचं नाव मंगळवारी लावायचा.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
तुझा अपराधी,
सुलो

—

शिकागो स्टेशन
५ डिसेंबर १९३६

चि. सुलोस,
अनेक आशीर्वाद.

गाडी बदलायला दोन तास आहेत, म्हणून बाकावर बसून लिहिते आहे. करार वाढला नाही. एका वाक्याची चिठ्ठी आली, तीही माझं नाव चुकवून.

तुझं पत्र पोचलं होतं. साहेबाने ते खात्यात मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळे हसले, हे मला शिवणखात्यातल्या बाईने सांगितलं. हसणं थांबल्यावर मिस व्हॉसने ते पान मागून घेतलं म्हणे. नववं मिनिट हे तिने नीट वाचलं, आणि म्हणाली की हा चित्रपट ज्याने खरोखर पाहिला असा माणूस मला आज कळला. पान तिने परत दिलं नाही. माझ्यासाठी शब्दही टाकला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आणि हे लक्षात ठेव, त्या दिवशी माझ्यासकट अकरा मुलींना त्याच चिठ्ठ्या गेल्या. उरलेल्या दहाजणींचे भाऊ काही शिडीवर चढलेले नव्हते. फलक नसता तर मी राहिले असते का, हे तुलाही कळणार नाही आणि मलाही नाही. तेव्हा आपण दोघांनी तो प्रश्न इथेच बाकावर ठेवून द्यायचा.

घरी यायचं मनात होतं, पण आले तर पुन्हा निघायची हिंमत होणार नाही. न्यूयॉर्कला जाते. नाटकात शिरायचं बघते. एक फायदा झाला. लॉरा लेन हे नाव स्टुडिओच्या मालकीचं होतं, ते त्यांनी ठेवून घेतलं. बाबांना सांग, त्यांचं नाव परत मिळालं आहे.

लोभ वाढव, घोर कमी कर.
तुझी,
लेम्पी लाहटेला

—

टमारॅक फॉल्स
२४ एप्रिल १९३८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं कात्रण मिळालं. मी ते आईला तीनदा वाचून दाखवलं, आणि न समजलेले दोन शब्द कोशात पाहिले. दीड वर्ष खानावळीत सूप वाढून, दुसऱ्यांच्या भूमिका पाठ करून दाराआड उभं राहून, आता तुझी स्वतःची भूमिका आहे! घरमालकिणीची आहे, नवरा परत येत नाही आणि तिसऱ्या अंकात फक्त सहा वाक्यं, हेही समजलं. पण त्या टीकाकाराने लिहिलं आहे की लेम्पी लाहटेला बोलते तेव्हा चांगली आहे, पण दुसरा बोलत असताना ती कशी ऐकते ते पाहायला जावं.

बाबा म्हणाले, त्यात नवल काय. तू चार वर्षांची असल्यापासून हॉलमध्ये त्यांच्याबरोबर प्रॉम्प्टरच्या खोक्यात बसायचीस. ते वाक्य फुसफुसायचे आणि वर माणूस ते उचलतो की नाही हे तू त्यांच्याआधी ओळखायचीस, असं त्यांचं म्हणणं. कात्रण त्यांनी टेबलावरच्या काचेखाली सरकवलं आहे. पाहुणा आला की बशी तिथेच ठेवतात, मग ती उचलतात, मग पुसतात.

मी फलक अजून लावतो. पण आता प्रत्येक चित्रपटाला कुणाचं नाव कुठे हे ट्रेलोअरसाहेबांकडून कागदावर लिहून घेतो. ते मला वकीलसाहेब म्हणतात.

लोभ आहे असं कात्रणावरून समजतो.
तुझा,
सुलो

—

न्यूयॉर्क
१२ जानेवारी १९४१

चि. सुलोस,
अनेक आशीर्वाद.

तू आधी बस. या खेपेला आनंदाने बस.

ब्रॉडवेवर आमच्या नाटकाला वर्ष झालं. थिएटरच्या दारावर माझं नाव दिव्यांत लागलं आहे, हे तुला वर्तमानपत्रातून कळलंच असेल. कबूल करते, पहिल्या दिवशी मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून अक्षरं सरळ आहेत का ते बघितलं. सवय तुझी, लागली मला. आणि ऐक. त्याच स्टुडिओचा तोच साहेब मागच्या महिन्यात येऊन भेटला. उन्हाळ्यात चित्रपट करायचा आहे, मुख्य भूमिका, माझ्याच नावाने. जाताना त्याने विचारलं की तो भाऊ खरंच आहे का. मी म्हटलं, खरंच आहे, आणि अजून शिडीवर आहे.

त्याआधी नाटक दौऱ्यावर निघतं आहे. शिकागो, मिलवॉकी, डुलूथ. मधल्या एका दिवशी, बावीस फेब्रुवारीला, आपल्या हॉलमध्ये प्रयोग लावून घेतला आहे. निर्माते म्हणाले की तीनशे खुर्च्यांसाठी एवढं सामान बर्फातून कोण नेणार. मी म्हटलं, आमच्या गावच्या खाणीतली माणसं नेतील.

आता कामाचं. माझ्या नव्या करारात लिहिलं आहे की माझं नाव एकटं, नाटकाच्या नावाच्या वर, दुप्पट अक्षरांत. मिस व्हॉसचंच कलम, हुबेहूब. त्याच्यापुढे मी तीन शब्द घालायला लावले. वकिलाने दोनदा विचारलं की हे कशासाठी. ते शब्द असे, 'टमारॅक फॉल्स सोडून'. तिथे नावं हॉलच्या नियमाने लागतील. नाटकाची प्रत सोबत पाठवते. कोण केव्हा येतं ते तू बघशीलच.

लोभ आहेच, शिडी घट्ट धर.
तुझी,
लेम्पी

—

टमारॅक फॉल्स
२५ फेब्रुवारी १९४१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू डुलूथला पोचली असशील. प्रयोगाबद्दल मी काय लिहू, तू तिथेच होतीस. पण सकाळी तुमची गाडी यायच्या आधी काय झालं, ते तुला ठाऊक नाही.

हॉलला फलक नाही, म्हणून मी फळ्या जोडून केला आणि लिरिकमधून अक्षरं उसनी आणली. प्रत मी सात वेळा वाचली होती. सर्वांत आधी कोळशाची बादली घेऊन मोलकरीण येते, म्हणून पहिलं नाव ब्रुकलिनच्या त्या नव्या मुलीचं, मिस इर्मा डेल्गाडोचं. तू पहिल्या अंकाच्या अखेरीस येतेस, सगळ्यांनंतर. म्हणून तुझं सहावं, सर्वांत खाली, इतरांएवढ्याच अक्षरांत.

नावं लागत होती तशी खाली माणसं जमली. कांगासबाई ओरडल्या की अरे मेल्या, आपली पोर तळाला आणि कोण ही बाई डोक्यावर, एकदा घोळ घालून पोट भरलं नाही का तुझं. माझ्या तोंडात खिळे होते, मी पुढचं अक्षर ठोकलं. बाबा शिडी धरून उभे होते. हातमोजे घालून पकड बसत नाही म्हणून काढून ठेवले होते. त्यांनी मान वर करून पहिल्यापासून सहाव्यापर्यंत सगळी नावं ओठ हलवत वाचली. लाहटेलाशी आल्यावर पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. मग कांगासबाईंना म्हणाले की बरोबर आहे. एवढंच. पण ते इतक्या मोठ्याने म्हणाले की बेकरीतली माणसं बाहेर आली. मी पस्तीस सालापासून अक्षरं लावतो आहे ताई, ते मला बरोबर आहे म्हणून पहिल्यांदाच म्हणाले.

लाकडाचा तो 'एल' मी जपून ठेवला होता. तो तुझ्या नावात लावला, मधला.

प्रॉम्प्टरच्या खोक्यात बाबांना पाहून तू दचकलीस, हे मी पाहिलं. त्यांना इंग्रजी येत नाही, हे खरं. पण प्रत आल्यापासून रोज जेवणानंतर ते माझ्याकडून तुझी वाक्यं वाचून घेत आणि फिनिश उच्चारांप्रमाणे लिहून काढत. न जाणो, लागलं तर, असं म्हणत. तू एकदाही अडली नाहीस. त्यामुळे ते खूश आहेत की थोडे नाराज, हे आईलाही सांगता येत नाही.

शेवटची गोष्ट. तुमची मंडळी गाडीतून उतरून हॉलकडे आली तेव्हा ती मिस डेल्गाडो फलकासमोर थबकली. तिला रंगमंचावर येऊन पंधराच दिवस झाले आहेत म्हणे. तिने घाबरून मला विचारलं की काही चूक तर झाली नाही ना, आणि यामुळे मला काढून तर टाकणार नाहीत ना. तिच्याकडे छोटा कॅमेरा होता. आईला फोटो पाठवावासा वाटत होता, पण हात कोटातून बाहेर निघत नव्हता. मी तिला म्हटलं की खुशाल काढ, इथे चालतं, करारात लिहिलेलं आहे. मग मी आणि बाबा बाजूला सरकलो, म्हणजे तिच्या फोटोत शिडी येणार नाही.

लोभ आहे तसाच राहू द्यावा. या खेपेस मला त्याचा घोर नाही.
तुझा,
सुलो लाहटेला