लाल ठिपक्याचा काजवा

पुणे,
८ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
रोहितचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि दोष मात्र माझ्या आवाजाला लागतो, म्हणून हे पत्र. बाबांनी कुहीहून तांदूळ पाठवला तो मिळाला. गार्गी म्हणते, इतका भात खाऊन मी ऑफिसात झोपणार.

आता कामाचं. तू हिंगण्याला ज्या कंपनीत टॉर्च जोडायचीस, तिथला तो बोटाएवढा ‘काजवा’ आठवतो ना? अगदी पहिला, २०१४ ते १८ मधला? आम्हा शौकिनांचा एक ग्रुप आहे आणि त्यात तो जुना काजवा म्हणजे दैवत आहे. नवा काजवा मी घेतला होता. काय तो अवतार! पाच प्रकारचे उजेड, चार्जिंगची वायर, वर मोबाइलचं ॲप. जिन्यावर लाइट गेले तेव्हा मी बटण दाबलं तर तो पोलिसांच्या गाडीसारखा लुकलुकायला लागला. चौथ्यांदा दाबल्यावर साहेबांनी उजेड दिला, तोही ट्यूबलाइटसारखा पांढराफटक. जुन्याला साधा सेल लागतो, झाकण पिळलं की लागतो, उलटं पिळलं की विझतो.

आणि त्याच्या तीन गोष्टींवर तर लोक जीव टाकतात. एक, त्याचा पिवळसर उजेड. दोन, झोत जरासा डावीकडे झुकतो, मान कलती करून बघितल्यासारखा. तीन, काही पीसच्या झाकणात आतून असलेला लाल ठिपका. मी नऊ ठिपकेवाले जमवलेत. तो ठिपका म्हणजे कारागिराची पसंतीची सही, असा मी लेखच लिहिला आणि त्यात तुझं नाव अभिमानाने घातलं. आता सांग, तो ठिपका कोण लावायचं? पीस कसे निवडायचे?

तुझ्या टोमण्यांची वाट बघतोय. लोभ आहेच, पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
रोहित


हिंगणा,
१९ जानेवारी २०२५

चि. रोहितले मनकर्णा आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसली का शेजारची विचारायले आली. तू इंजिनियर झाला ना गा? का नुसताच पगार घेऊन राहिला?

तुझ्या दैवताची कुंडली ऐक. पिवळा उजेड काहून? तर पांढरे एलईडी वेळेवर आले नाही, म्हणून खरेदीवाल्यायनं कुठला तरी उरलेला माल उचलून आणला. झोत डावीकडं काहून झुकते? तर ज्या साच्यात एलईडी बसवून आम्ही दाबत होतो, त्याची एक पिन घासून गेली होती. एलईडी मधात बसतच नव्हता. आम्ही पिनेले चिकटपट्टीचे दोन वेढे मारत होतो, दुपारपर्यंत ते निघून जाय. मान कलती करून बघते म्हणे! लंगड्या माणसाले पाहून तुम्ही म्हणसान, वा, काय ठुमकत चालून राहिला.

अन् तुझी ती पसंतीची सही. माझ्याच नेलपॉलिशची बाटली होती ती. आम्ही चौघी तपासणीच्या टेबलावर होतो, मी, दामिनी अन् आणखी दोघी. प्रत्येक पीस भिंतीवर लावून पाहत होतो. झोत वाकडा दिसला का आमचे सुपरवायझर महादेवराव, त्यायले दाखवत होतो. ते म्हणत, जाऊ द्या, माल निघाला पाहिजे. साच्याची पिन बदलवा म्हणून किती वेळा सांगितलं, त्याचा हिशेब नाही. शेवटी दामिनी म्हणे का उद्या हे आपल्यावर येईन. म्हणून जो पीस आम्ही खराब म्हटला अन् त्यायनं जाऊ दिला, त्याच्या झाकणात आम्ही लाल ठिपका लावून ठेवला. ठिपका म्हणजे खराब, रोहित. तू नऊ खराब पीस जमवून त्याची पूजा करून राहिला.

अन् आलंच आमच्यावर. २०१८ मध्ये एका मोठ्या दुकानदाराची तक्रार आली. महादेवरावायनं सायबाले सांगितलं का बायांनी दोष लपवला. आम्ही ठिपक्याचं सांगितलं, तर म्हणे मले कोण्या ठिपक्याचं माहीत नाही. माल तर विकून गेला होता, दाखवावं काय? चौघींले काढलं अन् कागदावर लिहून दिलं, ‘दोष लपवल्यामुळे कमी केले.’ तो कागद पाहून एमआयडीसीत कोणीच उभं केलं नाही. मी आता साड्यांले फॉल लावते. कामाची लाज नाही मले. पण काजव्याच्या आधीपासून नऊ वर्षं डोळे फोडून तपासणी केली अन् कागदावर मी चोर आहे. मरायच्या आधी तो कागद बदलावा, एवढंच मनात आहे.

हे मी तुझ्या बाबाले कधी सांगितलं नाही, तूही सांगू नको. गार्गी सूनबाईले आशीर्वाद. राग मानू नको, अन् मानला तरी पत्र पाठवजो.

तुझी आत्या,
मनकर्णा


पुणे,
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर मी नऊही काजवे भिंतीवर लावून पाहिले. नऊच्या नऊ डावीकडे झुकतात. ठिपका नसलेले दोन आहेत माझ्याकडे, ते सरळ आहेत. इतकी वर्षं हे माझ्या हातात होतं आणि मी त्याच्यावर कविता करत बसलो. मला माझीच लाज वाटते.

आणखी वाईट बातमी आहे. माझा लेख कंपनीच्या नव्या साहेबांनी वाचला. ते आता जुना काजवा पुन्हा काढतायत, ‘काजवा मूळ’ या नावाने. पिवळसर उजेड मुद्दाम ठेवलाय आणि प्रत्येक झाकणात मशीनने छापलेला लाल ठिपका असणार आहे. जाहिरातीत लिहिलंय, ‘तिने निवडला, म्हणून हा ठिपका.’ हे माझंच वाक्य आहे, आत्या. ते तुला बोलावणार आहेत, पहिला ठिपका तुझ्या हातून लावून घ्यायला. तू काय सोसलंस हे त्यांच्यापैकी कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

तू सांगशील तसं करतो. म्हणालीस तर आजच कंपनीला लिहितो, लेख तर मी काढूनच टाकतो. मला चार शिव्या दे, पण गप्प बसू नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगायची आज हिंमत नाही, तरी सांगतो.

रोहित


हिंगणा,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. रोहितले अ. उ. आ.

शिव्या राखून ठेवल्या आहेत, भेटल्यावर देईन.

बोलावणं आलं. सुशील नावाचा एक पोरगेला साहेब पेढे घेऊन आला होता. सात वर्षं ज्यायले माझं घर दिसलं नाही, त्यायले गूगलवर बरोबर सापडलं. म्हणे, मावशी, तुम्ही आमचा वारसा आहात. मी म्हटलं, वारसा असतो तर फॉल लावत बसली असती का? तो हसला. त्याले वाटलं मी गंमत करून राहिली. मग सांगून गेला का साडी नऊवारी नेसा, फोटोत छान दिसते. आम्ही लाइनीवर निळा कोट घालत होतो, नऊवारी नेसून कोण टॉर्च जोडते?

महादेवरावायले पण बोलावलं आहे म्हणते. ते रिटायर झाले. ‘जुने जाणते’ म्हणून पहिल्या रांगेत बसवणार.

दामिनी म्हणे जाऊ नको वं, पुन्हा पाणउतारा करून घेशील. तिचं खरं आहे. पण मी जाते. घरी बसून कागद बदलत नाही.

तू कंपनीले काही लिहू नको. तू लिहिलं का ते वकील पाठवतीन. तू येऊही नको, सवयीनं टाळ्या वाजवशील. फक्त तुझे ते नऊ खराब दैवत कुरिअरनं पाठव, सेल घालून. त्याच्यावर महिना-साल छापलेलं आहे, ते पुसू नको.

तुमची दोघांची खुशाली कळव. माझ्यावर जीव आहे तसा असू दे.

मनकर्णा आत्या


पुणे,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नऊही पाठवले, कापसात गुंडाळून. सोबत ग्रुपमधल्या लोकांच्या एकेचाळीस ठिपकेवाल्या काजव्यांचे फोटो आहेत, प्रत्येकाचा झोत भिंतीवर टाकून काढलेले. सगळे डावे.

ग्रुपवर मी खरं सांगितलं तर केवढा गदारोळ झाला. एक सद्गृहस्थ म्हणाले, हे ऐकून तर ठिपक्याची किंमत आणखी वाढली. मी त्यांना ग्रुपमधून काढलं. मग मलाच काढलं.

एक कबुली देतो, रागावू नकोस. खराब आहे हे कळूनसुद्धा मला जिन्यावर तोच हवासा वाटतो. त्याला तुम्ही चौघींनी हातात धरून पाहिलं होतं, नव्याला कुणी पाहिलंय?

माइक हातात आला की तुझा आवाज वाढतो, सांभाळ. आणि घाबरलीस तरी चालेल.

तुझाच, टोमण्यांसकट,
रोहित


हिंगणा,
१८ मार्च २०२५

चि. रोहितले अनेक आशीर्वाद.

तू रोज मेसेज टाकून विचारून राहिला का काय झालं. मोबाइलवर टाइप करता करता माझं बोट थकते. सगळं सविस्तर लिहिते.

मी साधी पाचवारी नेसून गेली. पिशवीत तुझे नऊ होते. हॉलमध्ये फुलं, पडदा, कॅमेरे. महादेवराव पहिल्या रांगेत होते, केस सारे पांढरे झाले. मले पाहून त्यायनं मान फिरवली. मी ठरवून गेली होती का आधी पिशवी उघडावं, मग बोलावं. पण स्टेजवर मोठ्या साहेबांनी नवा काजवा अन् लाल रंगाची बाटली माझ्या हाती दिली, अन् हाताले सवय ना गा. मी झाकण पिळलं अन् झोत पडद्यावर टाकला. जवळून पाहिला, लांबून पाहिला. एकदम मधात होता.

मी बाटली खाली ठेवली. साहेब हसून म्हणाले, लावा ना मावशी, लोक वाट पाहून राहिले. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “साहेब, हा पीस चांगला आहे. याले ठिपका लागत नाही.”

त्यायले काही समजलं नाही. मग मी सारं सांगितलं. साच्याची पिन, ‘जाऊ द्या’, तक्रार, कागद. आवाज वाढला माझा, वाढू दिला. सुशील माइक घ्यायले आला, म्हणे हे आपण नंतर ऑफिसात बोलू. मी पिशवी उघडली अन् तुझे नऊ टेबलावर एका ओळीत मांडून लावले. पडद्यावर नऊ उजेड पडले, सारे डावीकडं.

तेवढ्यात महादेवराव उभे राहिले. मले वाटलं आता पुन्हा खोटं बोलतीन. ते खुर्चीचा हात धरून म्हणाले, “या बायांनी मले दाखवलं होतं. जाऊ द्या, असं मीच म्हटलं होतं. ठिपका मले माहीत होता.” अन् खाली बसले. सात वर्षं मी या माणसाचा तिरस्कार केला, रोहित, अन् अजूनही तो पुरता गेला नाही. पण त्या वेळी साऱ्या हॉलसमोर ते आपणहून उभे राहिले, तेही मी पाहिलं.

ठिपक्याची जाहिरात काढून टाकली म्हणते. आता कोणतं नवीन खूळ काढतात ते पाहू.

अन् परवा कागद आला. चौघींले वेगळा वेगळा, सही-शिक्क्यासकट, पण चारही माझ्याच घरी. तुले तशीच ओळ लिहून देते: ‘सदर कामगारांनी उत्पादनातील दोष वेळीच निदर्शनास आणून दिला होता.’ दामिनीचा कागद घेऊन मी तिच्याकडे धावत गेली. ती भाकरी थापून राहिली होती, हात पिठाचे. मी वाचून दाखवलं. ती म्हणे, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग म्हणे, माझं नाव कुठं आहे ते दाखव. मी बोट ठेवून दाखवलं. तिनं पिठाच्या हातानं तो कागद धरला अन् मले सोडवू देईना.

तुम्हा दोघांवर माझी माया आहे, ती मोजायच्या भानगडीत पडू नका. पत्र पाठवत जा.

तुझी आत्या,
मनकर्णा