खरं बोलायची पैज

तुळसा,

सकाळी हँडपंपापाशी शेजारच्या हिरालालसंग पैज लागली. तो म्हणे, "खुशाल, आज दिवसभर खोटं न बोलता राहून दाखव, नाही तं चौकात वीस उठाबशा!" मी म्हणलो, "दे टाळी!"

म्हणून भंडाऱ्याच्या खास शाळेत आपल्या गुंजनच्या फार्मवर तू सांगतलं तसं 'फिट येत नाही' लिहिता आलं नाही. महिन्यातून दोनदा येते, झोपेतही येते, सारं लिहिलं. तिथली मॅडम म्हणे, "लपवतात त्यांनाच आम्ही परत पाठवतो. इथं नर्स असते." गुंजनसाठी जागा आहे, पण तिले एकटीले होस्टेलात ठेवा लागते. उद्यापर्यंत आईची सही पाहिजे. फार्म तांदळाच्या डब्यावर ठेवला. माह्यावर रागव, पण वाचजो.

आठची गोळी तिले जेवल्यावर देजो.

येताना एसटीत गुंजन म्हणे, "बाबा, तिथं आई रोज माह्यापाशी झोपन ना?" मी 'हो' म्हणून बसलो.

हिरालालले काही मालूम नव्हतं, मीच सांगतलं. आता चौकात उठाबशा काढायले चाललो. सारी गल्ली जमली, अन् गुंजन मोजणार आहे. मी काहून हरलो, ते तिले सांगजो नको.

खुशाल