पापण्यांखालचा रंग

बाबा, चित्रातला तुमचा चेहरा अजून ओला आहे. तेलरंग जाड लावला की लवकर वाळत नाही, आणि मी तर तो रंगाच्या सुरीने गालाकपाळावर थापलाय. आज आई पेणहून माझ्याकडे, वरसेला, तो बघायला येणार होती. तुम्ही गेलात, आणि घरात तुमचा एक धड फोटो नाही. तिने ओळखलंच नाही तर?

लहानपणचं अजून दिसतं: पेणच्या कारखान्यात तुम्ही गणपतीची आखणी करताय, मूर्तीवर डोळे रेखताय. डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते तुमच्याच हातचे. मी शेजारी बसून मूर्तीचा गाल रंगवतेय, तिथे रंगाचा गोळा राहतो. तुम्ही तो अंगठ्याने पुसता. "रंग दिसता कामा नाय. देव दिसला पायजे." सुरी उचलली की अजून तो अंगठा समोर येतो आणि हात आखडतो.

त्याच सवयीने तुमचेही डोळे मी शेवटी ठेवले आणि फसले. डोळ्यांच्या जागी आधी नुसता तपकिरी हात मारला होता. त्यावर पापण्यांचा रंग इतका चढला की डोळ्यांना जागाच उरली नाही. खरवडायला गेले तेव्हा लक्षात आलं, मला तुमचे डोळे आठवतच नाहीत. तुम्ही कायम खाली, मूर्तीकडे बघायचात. मग पापण्या तशाच झुकलेल्या राहू दिल्या.

आई आली ती पिशवी हातात घेऊनच चित्रासमोर उभी राहिली. "डोळे कुठं हायत गो यांचे?"

"त्यांची आखणी चाललीय," मी कसंबसं म्हटलं.

ती गुडघे धरत खाली फरशीवर बसली, कारखान्यात तुमच्यासमोर रंगाची वाटी धरून बसायची तशी, आणि मान वर केली. जाड पापण्यांच्या कडेखाली तिला तो तपकिरी रंग दिसला असणार.

"हायत की. बघतायत," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. "तू पण बस हितं."

मी चहा टाकायच्या निमित्ताने आत पळाले.

आई आता परत गेलीय. हे लिहितेय तो कागद चित्राच्या मागे खोचून ठेवणार आहे. त्या फरशीवर मी अजून बसलेले नाही, बाबा. तिथे बसले तर तुम्ही आधी मला बघाल की मी थापलेला रंग, याची भीती वाटते.