मागून मारलेली हाक

अंबत्तूर, चेन्नई
सोमवार, १५ जून

प्रिय जयतीर्थ,

इकडे सगळे बरे आहेत. उन्हाने फक्त माझं इथलं पंपांचं वर्कशॉप आणि माझी टाळू तापली आहे. एकाच गावात राहून पत्र कसलं, म्हणशील. फोनवर तू हल्ली नुसता 'हूं, हूं' करतोस, म्हणून ड्रायव्हरच्या हाती हे पाठवतोय.

गुरुवारी बंगळूरला तुझी वैद्यकीय तपासणी. आठवीत शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढून 'इथून चंद्र जवळ आहे' म्हणणारा तू, विमानं उडवत उडवत अंतराळवीरांच्या शेवटच्या निवडीपर्यंत पोचलास. तेव्हा टाकीखाली शिडी धरून मी उभा होतो. अजून धरलीय. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुला वेगळं वाटेल.

काल अड्यारला आमच्याकडे जेवताना अम्माने विचारलं, "आंबट वाढू का रे अजून?" तू म्हणालास, "अंबत्तूरला उद्या, आज सुट्टी." सगळे हसले. अम्मा म्हणाली, "वैमानिक झाला तरी वात्रटपणा गेला नाही." तूही हसलास, पण बाकीच्यांची तोंडं बघून झाल्यावर. अम्मा तुझ्या उजव्या हाताला उभी होती.

मग हात धुताना तू सहज विचारलंस, "वेंकट, तुझ्या कामगारांची कानांची तपासणी होते ना, त्यात आवाज ऐकू न येताच अंदाजाने बटण दाबून कोणी पास होतं का?" मी म्हणालो, "होतात की," आणि विषय पंपांवर नेला.

उरलेलं उत्तर आता देतो. होतात, म्हणूनच मी बटणावर विसंबत नाही. माणसाला मशीनवर उभं करण्याआधी त्याच्या मागे जाऊन हळूच नाव घेतो. वळला तर कामावर.

काल तू जिना उतरत होतास. मी मागून, उजवीकडून, दोनदा म्हणालो, "जया." तू वळला नाहीस. जेवतानाचा तो विनोदही नव्हता; अम्माचं 'आंबट' तुला 'अंबत्तूर' ऐकू आलं होतं.

आपल्या इथल्या कोवळमच्या समुद्रात सर्दी असताना बुडी मारलीस, त्याला आठवडाही झालेला नाही. "नाक चोंदलंय, नको," म्हटलं तर म्हणालास, "डेय, तू आपले पंप बघ." वर आलास तेव्हापासून मान वाकडी करून ऐकतोयस. कानात पाणी गेलं असेल, अशी मी माझी समजूत घातली.

आज कानाच्या डॉक्टर कामाक्षींना तुझं नाव न सांगता विचारलं. "ताबडतोब औषध सुरू केलं तर कान परत येऊ शकतो. उशीर झाला तर सांगता येत नाही," म्हणाल्या. तपासणीची तारीख पुढे मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. कदाचित ही संधीच जाईल. पण वर यानात साथीदाराने 'झडप लाव' म्हटलं आणि तुला ऐकूच गेलं नाही, तर? तिथे हसून वेळ मारून नेता येत नाही, रे.

उद्या सकाळी तुला कामाक्षींकडे न्यायला गाडी घेऊन तुझ्या दारात येतो. शिव्या घालशील. घाल, पण गाडीत बसून.

आणखी एक. निवडीआधीच्या चौकशीसाठी मित्र म्हणून तू माझं नाव दिलंयस. बुधवारी त्यांचा माणूस माझ्याकडे येतोय, तसा फोन आलाय. तुझं धाडस, तुझी शिस्त, घसा सुकेपर्यंत सांगेन. पण त्याने तब्येतीचं विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही. ते तू स्वतः आधीच सांगितलेलं असू दे.

तुझा मित्र, आणि बुधवारी तुझा साक्षीदार,
वेंकट