मंगळवार, दुपारी तीन

ता. ६ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

प्रदूषणावरच्या विद्यार्थी-स्पर्धेत माझी आणि दोघी मैत्रिणींची गाळणी अंतिम फेरीत पोचली. तीन बादल्या, आत खडी, वाळू, कोळसा. तुझ्या रंगकारखान्यामागच्या ओढ्याचं पाणी वरून ओततो, आणि खालून इतकं स्वच्छ येतं की बाबांनी भरलेल्या पेल्याआडून वर्तमानपत्र वाचून दाखवलं. सहा रविवार, सहा बाटल्या, सहाही वेळा पास. बाबा गल्लीभर सांगत सुटलेत. आई म्हणते, आधी खोलीतला पंखा पूस, मग जगाची हवा सुधार.

पहिली येणारी गाळणी मोठी करून ओढ्याच्या तोंडाशी बसवणार आहेत. मला बक्षिसापेक्षा तेच हवंय.

लोभ असावा, कौतुक जरा जास्तच असावं.
तुझी भिंगरी

ता. ११ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी ऊर भरून आला, मग ‘रविवार’ हा शब्द पुन्हा वाचला. कौतुक आत्ताच करून घेते, पुढचं वाचून तू माझ्याशी अबोला धरशील.

अगं, रविवारी कारखाना बंद असतो. तेव्हा ओढ्यात असतं ते नुसतं वरून आलेलं पाणी. रंगाच्या टाक्या मंगळवारी दुपारी तीनला रिकाम्या होतात. कॉक मीच फिरवते, बावीस वर्षं झाली. फिरवते आणि तोंड दुसरीकडे करते. घरात हे कधी बोलले नाही, लाज वाटायची.

येत्या मंगळवारी शाळा बुडवून ये, दादाला मी बघून घेते. माझं नाव तेवढं कुठे घेऊ नकोस, नोकरीचा प्रश्न आहे.

राग आला तरी पत्र धाडावं.
तुझी आत्या

ता. १९ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारचं पाणी ओतलं. चार मिनिटांत गाळणी तुंबली आणि खालून निळं-जांभळं टपकायला लागलं. एक मैत्रीण रडली. दुसरी म्हणाली, गप्प बसू, परीक्षकांना काय कळतंय. मलाही तासभर ते पटलं होतं. मग तुझं तोंड दुसरीकडे करणं आठवलं, आणि सरांना जाऊन सांगितलं की आमचे सहाही निकाल खोटे आहेत.

सरांनी कपाळाला हात लावला, आणि मग प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात दिली. आता पाणी आधी तुरटी घालून पिंपात थांबवून बघतोय. गाळ तळाशी बसला की मगच बादल्यांत सोडायचं. दर मंगळवारी एक कॅन भरून ठेवत जा.

दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. उरलेला लोभ आहेच.
भिंगरी

ता. १७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, पहिला नंबर आला!

परीक्षकांनी पाणी स्वतः आणलं होतं, तेही मंगळवारचं. सगळ्यांचे चेहरे उतरले, कारण सुट्टी रविवारीच, म्हणून बाटल्याही सगळ्यांच्या रविवारच्याच. एकेक गाळणी तुंबत गेली. आमचा गाळ बसेपर्यंत पाऊण तास गेला, परीक्षक घड्याळ बघत होते, आणि मग खालून पाणी आलं, अगदी नितळ.

परीक्षक बाईंनी विचारलं, मंगळवार तुला कसा सुचला? मी म्हटलं, घरातल्या माणसाने सांगितलं, नाव विचारू नका. तुमच्या कारखान्याचे मालक पहिल्याच रांगेत होते गं. मला तेव्हापासून धाकधूक आहे.

काळजीने आणि आनंदाने,
भिंगरी

ता. ६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुमची गाळणी बसली, चांगली खोलीएवढी. मालकांनी सगळ्यांना जमवून विचारलं, मंगळवारचं पोरींना कुणी सांगितलं? मी हात वर केला. त्यांनी माझ्या वर केलेल्या निळ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, तर मग गाळणी तुम्हीच सांभाळा.

काल तीन वाजता कॉक फिरवला. सवयीने मान वळली, ती मी सरळ केली. गाळणीच्या ओढ्याकडच्या नळाखाली ओंजळ धरली. हात माझे निळेच आहेत, ते आता काही जायचे नाहीत. पण पाणी निळं नव्हतं. मी तिथेच उभी राहून पोटभर रडले.

एक बाटली भरून ठेवली आहे. दादाला म्हणावं, वर्तमानपत्र घेऊन ये.

तुझी अभिमानी,
आत्या