एकाच माणसाचे दोन अर्ज

मंगळवार, ११ एप्रिल १९९५

सोनईच्या कॉलेजात नोटीस बोर्डावर टायपिंग क्लासच्या जाहिरातीखाली अर्धवट झाकलेला कागद. पुण्याच्या संस्थेचा. दीर्घिका आणि अदृश्य द्रव्य या विषयावर पीएच.डी.च्या जागा. त्यातल्या दोन जागा नोकरीतल्या प्राध्यापकांसाठी. वयाची अट नाही. पुन्हा वाचलं. खरंच नाही. अर्ज ३ मे, संध्या. पाचपर्यंत पोचायला हवा, सोबत स्वतःच्या कामाचं टिपण.

प्राचार्यांना विचारलं. चष्म्यावरून पाहत म्हणाले, "सर, तुम्ही अठ्ठेचाळीस ना?"

"जूनमध्ये एकोणपन्नास."

"मग घाई करा." हसले. मीही हसलो. फॉर्म मागवायला आजच पत्र टाकलं.

बुधवार, १९ एप्रिल

फॉर्म आला. एकच प्रत.

टिपणाचं काम सुरू. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून शोधनिबंधांचे झेरॉक्स आणले होते, त्यात पाच दीर्घिकांचे वेग आहेत. आलेख कागद, लॉग टेबल, पेन्सिल. दीर्घिकेच्या कडेचा वायू मध्यापासून जितका लांब तितका हळू फिरायला हवा, सूर्याभोवतीच्या लांबच्या ग्रहांसारखा. तसा फिरत नाही, वेग कायम राहतो. दिसणाऱ्या ताऱ्यांचं वजन त्याला पुरत नाही. न दिसणारं काहीतरी त्याला धरून आहे. ते किती, एवढंच मला मोजायचं आहे.

सौ. ज्वारी निवडत होती. म्हणाली, "दिसतच नाही ते मोजायचं कसं?"

"वारा दिसतो का? तरी त्याच्याच अंदाजानं उफणतेस ना."

"मग अर्जात माझंही नाव घाला."

मंगळवार, २५ एप्रिल

सहा पानं पूर्ण. स्वच्छ अक्षरात. पाकीट बंद केलं आणि भिंतीतल्या देवळीत ठेवलं.

सौ. म्हणाली, "आजच टाका की पोस्टात." मी शनिवार म्हटलं. नोकरीचा अर्ज शनिवारी देवाला दाखवून टाकला होता, घराचा पाया शनिवारी. या शनिवारी तर अमावास्या, शनी अमावास्या. तीन तारखेपर्यंत भरपूर दिवस आहेत.

"शनिवारपर्यंत थांबायला देवानं सांगितलंय, का तुम्हीच?"

पाकीट देवळीत जरा आत सरकवलं.

शनिवार, २९ एप्रिल

पहाटे विहिरीवर आंघोळ, ओल्या अंगानं रांगेत. नगरपासून गाड्या लागल्यात म्हणतात. शनीच्या चौथऱ्यापाशी पोचायला साडेअकरा. तेल घातलं. पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलं होतं, तरी कोपऱ्याला तेल लागलंच. लागू दे.

पोस्टात लक्ष्मणभाऊंनी रजिस्टर करून पावती दिली. मन शांत.

सोमवार, १ मे

कॉलेजात झेंडावंदन. परत येताना लक्ष्मणभाऊ पोस्टाच्या पायरीवर भेटले. शनिवारी गर्दीमुळं टपालाची गाडी गावात आलीच नाही. काल रविवार. पाकीट अजून थैलीतच. आज दुपारी जाईल.

आज दुपारी निघून सोनई, नगर, पुणे, मग वाटप. बुधवारी पाचला पोचेल याचा भरवसा नाही.

म्हटलं, "भाऊ, पाकीट परत द्या. मी स्वतः नेतो."

"थैली सील झाली, सर. ह्या आख्ख्या गावात बंद असल्याली ही एकच वस्तू हाय, अन् तुमाला नेमकी तीच उघडायचीय व्हय?"

पायरीवरची माणसं हसली. त्यांचं बरोबर होतं, शनिदेवाच्या भरवशावर या गावात कुठल्याच घराला दार नाही, कुलूप नाही. घरी आलो.

दुसरा फॉर्म नाही. कोऱ्या कागदावर अर्ज लिहायचा ठरवला. टिपणाची सहा पानं थैलीत, पण कच्चे आकडे वहीत आहेत. बाराला बसलो.

तीनच्या सुमाराला थांबलो. सौ.नं ताटं घासून ओट्याशी टेकवून वाळत ठेवली होती. काही उभी, एक तिरकं. तिरक्या ताटाकडे पाहत राहिलो. मग झेरॉक्स काढला. चौथी दीर्घिका आपल्याला कडेनं दिसत नाही. तिरकी आहे, पंचेचाळीस अंश, तळटिपेत बारीक अक्षरात छापलंय. तिचा जो वेग आपल्याला मोजता येतो तो खऱ्या वेगाचा एक भागच. मी तो पूर्ण धरला. वजन वेगाच्या वर्गानं जातं, म्हणजे माझ्या सहा पानांत तिचं वजन निम्मंच आलं आहे.

ती पानं आत्ता सोनईच्या वाटेवर असतील.

पुन्हा सगळं केलं. पाचही दीर्घिकांचे कोन तपासले, बाकीच्या चार बरोबर. सहा वाजता उठलो. पाठ दुखते. बाकी प्रसन्न.

बुधवार, ३ मे

सकाळच्या यष्टीनं. पुण्यात अडीचला. संस्थेच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, "फॉर्म कुठंय?"

"पोस्टात."

"आणि हे काय?"

"हे बरोबर आहे. पोस्टातलं चुकीचं आहे."

माझ्याकडे नीट पाहिलं त्यानं. मग वेळ टाकून शिक्का मारला. तीन वाजून पाच. ते पाकीट आलं तर फेकून द्या, असं सांगणार होतो. सांगितलं नाही. तेही मीच लिहिलेलं.

गुरुवार, १८ मे

मुलाखतीचं पत्र. लक्ष्मणभाऊ नेहमीसारखे थेट आत येऊन देवळीत ठेवून गेले, वर ओरडून, "सर, पुन्याचं हाय! ह्या येळेला लौकर उघडा!"

उघडलं. जेवणावरून उठून, हात न धुताच.

बुधवार, २४ मे

मुलाखत झाली. घरी येताच लिहितोय, विसरायला नको.

तिघं होते. मध्ये पांढऱ्या केसांच्या बाई, त्या प्रमुख. डावीकडे दाढीवाले, तरुण. तिसरे बोलले नाहीत. टेबलावर माझी दोन्ही टिपणं शेजारी शेजारी. एकाच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग. म्हणजे ते पोचलं होतं.

बाई: "एकाच माणसाचे दोन अर्ज. चौथ्या दीर्घिकेचं वजन इथं एक, तिथं दुप्पट. यातला तुमचा कोणता?"

"दोन्ही माझेच. पहिला चुकला."

"कोणी दाखवली चूक?"

ताटाचं सांगितलं. मग ताट का पाहत बसलो ते सांगावं लागलं, मग थैलीचं, मग शनिवारचं. दाढीवाले खुर्चीत मागं रेलून हसायला लागले. मला राग आला नाही. ऐकायला गंमतच आहे.

बाई हसल्या नाहीत. "शनिवारची वाट पाहिली नसती तर?"

"चुकीचं टिपण वेळेवर पोचलं असतं."

त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

मग दाढीवाल्यांनी संगणकाचं विचारलं. प्रोग्रॅम लिहिता येतो का. नाही. कधी बसलात संगणकावर? प्राचार्यांच्या खोलीत आहे, आम्ही त्याच्यावरचं कव्हर धुतो. आता बाईही हसल्या. "शिकाल?" म्हटलं, "इंग्रजी आठवीत शिकायला लागलो, कुंभाराच्या पडवीत भरणाऱ्या शाळेत. हे त्याहून अवघड नसेल."

अवघड असेल. पण तेव्हा तसंच वाटलं, आणि अजून वाटतंय.

सोमवार, १२ जून

घेतलं.

अटी आहेत. पहिलं वर्ष बावीस-तेवीसच्या मुलांबरोबर वर्गात बसायचं, शेवटी परीक्षा. उत्तीर्ण झालो तरच संशोधनाला नोंदणी. १ ऑगस्टला हजर. कॉलेजची रजा मंजूर असल्याचं पत्र सोबत हवं. वसतिगृहात खोली मिळेल, 'कुलूप स्वतः आणावे'.

सौ.ला वाचून दाखवलं. कुलपापाशी थांबली. "आपल्याला लावता तरी येईल का?"

"परीक्षा आहेच. तेही शिकेन."

मग म्हणाली, "पोरांबरोबर बाकावर बसणार?"

"पंचवीस वर्षं त्यांच्यासमोर उभा आहे. जरा बसतो."

यावर हसली, पण डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं. लेक सासरी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्याचं काय करायचं, हे अजून बोललो नाही.

मंगळवार, १३ जून

होकार आजच टाकला. लक्ष्मणभाऊ पावती देताना म्हणाले, "आज तर मंगळवार, सर. शनवारी न्हाई?"

"शनिवारी देवाला सांगून येतो. टपाल आज जाऊ द्या."

शनिवार, १७ जून

तेल घातलं. मागायला सुचलं नाही काही. चौथऱ्यापाशी उभा राहून नुसतं सांगितलं की जातोय. मागचा माणूस म्हणाला, "सरका ना पाव्हणं, तुमचं झालं असंल तर."

बुधवार, २८ जून

रजेचा अर्ज दहा दिवस प्राचार्यांकडे. आज म्हणाले, "संस्थाचालक विचारतात, पन्नाशीत शिकून सर कॉलेजला देणार काय? अन् पदार्थविज्ञान शिकवणार कोण?"

म्हटलं, "परत आल्यावरही निवृत्तीला काही वर्षं आहेत की. तेव्हा देईन."

"मला पटतंय हो. त्यांना पटायला हवं." बैठक पुढच्या आठवड्यात.

रविवारी सौ.शी बोललो होतो. तिचं ठरलंय. आठवड्याला पत्र, दोन महिन्यांनी घरी, अन् लेकीकडे ती राहणार नाही. "घर उघडं टाकून जाऊ कुठं? त्याला दार तरी आहे का ओढून घ्यायला!" स्वतःच हसत सुटली.

शनिवार, १ जुलै

काल नगरला गेलो होतो, कुलूप घेतलं. पितळी, दोन किल्ल्या. दुकानदारानं उघडून दाखवलं, मग मला उघडायला दिलं. तिसऱ्यांदा जमलं. "नवीन घर का, काका?" म्हटलं, "नवीन शाळा."

कुलूप गावात आणायचं नाही, म्हणून येताना सोनईला उतरून कॉलेजात गेलो. प्राचार्यांनी टेबलाचा खण ओढला. "ठेवा इथं. कोणी नेणार नाही."

खणात माझा रजेचा अर्ज होता, अजून सही नसलेला. त्याच्यावरच ठेवलं.