ऑपरेशन कोणाचं

फुलचूर, १२ नोव्हेंबर १९५८, बुधवार

आज डॉक्टरांनी सरळच सांगितलं. चार बाळंतपणांत सुमन पार खंगली आहे, पाचव्यात ती वाचणार नाही. "तुम्ही नसबंदी करून घ्या, मास्तर. थोडक्यात होतं. तिचं करायचं तर पोट उघडावं लागेल, आणि तिच्या अंगात रक्तच नाही."

विचार करतो म्हणालो. कसला विचार?

घरी आल्यावर आईला सांगितलं. आई भडकली. "तू कायले कापून घेतोस? उद्या हे मेली त दुसरी करशीन ना? मंग तिले लेकरं कोठून होतीन?" सुमन समोरच सुपात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. मी आईला गप्प करायला हवं होतं. नाही केलं. कारण दवाखान्यातून सायकलवर येताना माझ्याही मनात तेच आलं होतं. इथे तरी खोटं कशाला लिहू?

जेवायला वाढताना सुमनने विचारलं, "आई बोलल्या ते तुमच्याबी मनात हाय का जी?"

"येडी झालीस का?"

"मंग नाही म्हना."

एवढा एक शब्द. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. सुपातला तो थांबलेला हातच डोळ्यांपुढे होता.

"माझंच करा मंग," ती म्हणाली. "वाचली त वाचली."

उद्या डॉक्टरांना तसं कळवतो. आता मला वाईट वाटायला हवं. पण सुटल्यासारखं वाटतंय.